ओटीपी कोणी दिला?

निवेदन मी वाचलं. 'मोबाइलवरील हिंसक गेममुळे आमचे पाल्य चिडखोर होत असून शाळेने अशा गेमवर बंदी आणण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी.' खाली पानभर सह्या. यातल्या काही सह्या प्रगतिपुस्तकावर मिळवायच्या तर मला तीनतीनदा निरोप धाडावे लागतात. इथे मात्र त्या लगेच पडल्या. असो. आता मला सांगा, सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी मुलाच्या शेजारी बसून तो गेम पाहिलाय? पाच मिनिटं तरी? हात वर करा. मागे कुजबुज नको, हात वर.

दोन. त्यातला एक निम्माच वर आलाय.

म्हणजे जे पाहिलंच नाही त्यावर बंदी हवी आणि ती शाळेने मागायची. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी मराठीची बाई. गेमशी माझा संबंध असायचं कारण नाही. पण मधल्या सुट्टीत 'नॉक झालो', 'रिव्हाइव्ह कर ना', 'झोन आला, पळ' हेच कानावर पडायला लागलं, तेव्हा मी पोरांना बाकावर बसवून विचारून घेतलं. त्यांनी इतक्या उत्साहाने शिकवलं की समासही कधी तितक्या उत्साहाने शिकले नव्हते. तुम्हाला घरच्या घरी, फुकटात हा शिकवणारा उपलब्ध होता.

तर ऐका. तुमची मुलं खेळतात तो बहुतेकदा बीजीएमआय, म्हणजे पूर्वीचा पबजी. विमानातून १०० खेळाडू एका बेटावर उतरतात. घराघरांत शिरून बंदुका, गोळ्या, हेल्मेट गोळा करतात, त्याला लूट म्हणायचं. मग एकमेकांना टिपायचं. खेळायची जागा आवळत जाते, बाहेर राहिला तो संपला. शेवटी जो संघ उरेल तो जिंकला. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. २०२१ च्या जुलैत हा गेम भारतासाठी नव्या नावाने आला, तेव्हा क्राफ्टन या कोरियन कंपनीने अटी जाहीर केल्या होत्या. १८ वर्षांखालच्या मुलाने खेळायचं तर पालकांच्या मोबाइलवर ओटीपी येणार. दिवसाला ३ तासांच्या वर खेळता येणार नाही. दिवसाचा खर्च ७,००० रुपयांच्या वर जाणार नाही. (अल्पवयीन मुलासाठी दिवसाला ७,००० रुपये! हा आकडा ठरवणाऱ्याने आपल्या गावातली पगाराची पाकिटं पाहिलेली नसावीत.)

आता उत्तर द्या. तो ओटीपी कोणी दिला?

कोणीतरी दिलाच ना? एका आईने मला सांगितलं, तो म्हणाला शाळेच्या ॲपचा आहे. म्हणजे पुन्हा शाळाच. दुसऱ्या घरी त्याने फोन घेऊन स्वतःच वाचला, कारण फोनचं कुलूप आईला उघडायला अंमळ वेळ लागतो आणि मुलाला लागत नाही. बँकेचा ओटीपी कोणाला सांगू नका म्हटलं की तुम्ही सख्ख्या भावालाही सांगत नाही, कारण तिथे पैसे असतात.

ज्याला ओटीपीची कटकट नको तो सरळ वय वाढवतो. गेम विचारतो, तुम्ही १८ वर्षांचे आहात का? पोरगं हो म्हणतं. जनरल रजिस्टरमध्ये ज्याची जन्मतारीख मी स्वतःच्या हाताने लिहून घेतली आहे, तो सातवीतला मुलगा त्या फोनमध्ये ३० वर्षांचा बाप्या आहे. दाखल्यावर नावाची एक वेलांटी चुकली तर तुम्ही कार्यालयाच्या चार चकरा मारता. ही जन्मतारीख कधी तपासलीत?

आणि बीजीएमआय हा त्यातला सौम्य प्रकार बरं का. आठवीला 'माझा आवडता खेळ' हा निबंध दिला होता. कबड्डी, क्रिकेट, एकाने बुद्धिबळ. एका मुलाने लिहिलं, माझा आवडता खेळ जीटीए फाइव्ह, आणि त्यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे खुर्चीला बांधलेल्या माणसाचा दात पकडीने उपटायचा. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी चौकशी केली. खरंच आहे ते. २०१३ च्या त्या गेममध्ये सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून एका बांधलेल्या माणसाचा छळ करायचा प्रसंग आहे. साधनं मांडून ठेवलेली आहेत: पकड, विजेच्या तारा, पाना. त्यातलं कोणतं उचलायचं ते खेळणाऱ्याने निवडायचं आणि छळ स्वतःच्या हाताने पार पाडायचा. सिनेमात असं दृश्य आलं तर आपण मान फिरवतो. इथे मान फिरवली तर खेळ पुढे जात नाही. छळ सोसणारा माणूस सगळं सांगायला आधीपासूनच तयार असतो, तरी छळ चालू राहतो. लिहिणाऱ्याने ते छळाची चीड यावी म्हणून लिहिलं असेलही, मोठ्या माणसाला ते कळेल. तेरा वर्षांच्या मुलाच्या निबंधात फक्त दात होता.

त्या गेमवर युरोपात १८ आणि अमेरिकेत १७ असं वय स्पष्ट छापलेलं आहे. वडिलांना बोलावलं. ते म्हणाले, 'बाई, भाच्याने कॉम्प्युटरमध्ये टाकून दिला, मला वाटलं गाड्या चालवायचा आहे.' गाड्याही आहेत त्यात. आणि साहेब, तुमच्या वयाच्या लोकांनी 'मला काय माहीत' म्हणू नये. २००२ साली जीटीएचीच व्हाइस सिटी आली, त्यानंतर सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ती कोण खेळत होतं? दहावीच्या क्लासला दांडी मारून लोकांच्या गाड्या हिसकावणारी ती मुलंच आज माझ्यासमोर इस्त्रीचे शर्ट घालून बसली आहेत. ज्यांना जीटीए म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे त्यांनी तरी अजाणतेपणाचं सोंग आणू नये.

हे खोक्यावरचं वय आलं कुठून, तेही सांगते. १९९२ साली मॉर्टल कॉम्बॅट नावाचा मारामारीचा गेम दुकानांतल्या यंत्रांवर आला. त्यात हरलेल्याचं डोकं पाठीच्या कण्यासकट उपटून काढता येत होतं. पुढच्या वर्षी तो घरी खेळायला मिळणार म्हणून अमेरिकेत जाहिरातींचा धुरळा उडाला. कनेक्टिकटचे सिनेटर जोसेफ लीबरमन यांच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याकडे त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाने तो गेम मागितला. त्या माणसाने काय केलं असेल? विकत घेण्याआधी स्वतः जाऊन पाहिला. हादरला आणि साहेबांना सांगितलं. ९ डिसेंबर १९९३ ला अमेरिकी सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली, जगभर गाजली. एका बापाने आधी पाहिलं म्हणून हे सगळं घडलं. तुमची गाडी उलट्या दिशेने चाललीय, सुनावणी आधी आणि पाहणं जमलं तर नंतर.

त्या सुनावणीत निन्टेन्डो आणि सेगा या दोन कंपन्यांची माणसं शेजारी शेजारी बसून एकमेकांवर चिखल उडवत होती. निन्टेन्डोवाले सोवळे. आमच्या मॉर्टल कॉम्बॅटमध्ये आम्ही रक्त काढून टाकून करडा घाम दाखवलाय, हे सेगावाले बघा रक्त विकतात. त्यावर सेगाच्या माणसाने निन्टेन्डोचीच खांद्यावर धरायची खेळण्यातली भलीमोठी बंदूक सगळ्यांसमोर उचलून दाखवली. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला! आणि सेगाच्या गेममध्ये तरी रक्त उघड होतं का? नाही. सात बटणं ठराविक क्रमाने दाबली की उघडायचं. तो क्रम तिथल्या पोरापोराला पाठ होता, आईबापांना नव्हता. रक्ताचा गेम जास्त खपला. घाम विकणाऱ्या निन्टेन्डोने पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात रक्त परत आणलं. सिनेटरांनी दम दिला की स्वतः वयाचे शिक्के मारा, नाहीतर सरकार मारेल. त्यातून १९९४ साली वयोगट ठरवणारं मंडळ उभं राहिलं. ३० वर्षांहून जास्त काळ तो आकडा खोक्यावर आहे. तुम्ही किंमत वाचता, आकडा वाचत नाही.

रक्ताचा रंग बदलायची ही युक्ती कंपन्यांना फार आवडते. १९९७ साली कार्मागेडन आला, गाडीखाली माणसं चिरडायचा गेम. ब्रिटनच्या मंडळाने प्रमाणपत्र नाकारलं, तर माणसांच्या जागी हिरव्या रक्ताची भुतं घालून विकला. २०२१ साली भारतात बीजीएमआय आला, तेव्हा इथेही गोळी लागली की हिरवं उडालं आणि 'मारलं' हा शब्द काढून टाकला. लाल पुसून हिरवं केलं म्हणून ज्यांना बरं वाटलं असेल, त्यांचं मला कौतुक वाटतं.

आता निवेदनातल्या दुसऱ्या परिच्छेदाकडे येते. 'अशा गेममुळे मुले खुनी बनतात.' कोणी लिहिलंय हे? पुरावा काय? १९७६ साली डेथ रेस नावाचा गेम आला. काळ्यापांढऱ्या पडद्यावर काड्यांची माणसं गाडीने उडवायची, एवढंच. तेव्हापासून हा गिल्ला चालू आहे. १९९९ साली अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत दोन मुलांनी गोळीबार केला. ते डूम नावाचा गोळीबाराचा गेम खेळायचे, म्हणून सगळं खापर डूमवर. बंदुका त्यांच्या हाती कशा आल्या, हा प्रश्न डूमइतका चघळला गेला नाही. जपान आणि दक्षिण कोरियात घरोघर गेम आहेत, तिथे बंदुकीने माणसं मरण्याचं प्रमाण जगात सर्वांत कमी म्हणावं असं. कॅलिफोर्नियाने अल्पवयीन मुलांना असे गेम विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया म्हणाले, ग्रिम बंधूंच्या परीकथांत तरी काय कमी रक्तपात आहे? आपल्याला ग्रिमपर्यंत जायला नको. भीमाने दुःशासनाची छाती फोडून रक्त प्यायल्याची गोष्ट मीच सहावीला सांगते, वर्ग टाचणी पडली तरी ऐकू येईल इतका शांत असतो. पण सांगताना मी तिथे उभी असते. गोष्ट संपल्यावर कोणीतरी विचारतं, 'बाई, भीम वाईट होता का?' मग उरलेला तास त्यावरच जातो. जीटीएमधल्या त्या खुर्चीपाशी तुमच्या मुलाने कोणाला काही विचारलं असेल तर कोणाला?

थांबा, 'मग काहीच बिघडत नाही' म्हणून खूश होणाऱ्या तिसऱ्या रांगेसाठीही आहे माझ्याकडे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने २०२० साली पुन्हा सगळे अभ्यास पाहिले. खून, गोळीबार यांचा संबंध गेमशी लावायला पुरावा पुरेसा नाही, असं त्यांनी बजावलं. पण ओरडणं, ढकलाढकली अशा चिडखोरपणाशी लहानसा, तरी पुन्हा पुन्हा दिसणारा संबंध आहे, असंही म्हटलं. म्हणजे तुमच्या तक्रारीतला 'खुनी' खोटा आणि 'चिडखोर' थोडासा खरा. तुम्ही दोन्ही एका दमात लिहून टाकलंत. सगळी भुई धोपटायची, म्हणजे साप कुठेतरी सापडेल!

बरं, बंदीचा अनुभव नाही असंही नाही. २०१९ साली एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात पबजीवर बंदीसाठी याचिका केली. त्याच साली गुजरातेत राजकोटला पोलिसांनी बंदी घातली आणि मोबाइलवर खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांना चक्क अटक केली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडला होता, मला आठवतंय. बंदीचं कारण कोणी वाचलं होतं का? देशाची सुरक्षा, माहितीची चोरी. हिंसेचा त्यात संबंध नव्हता. तुम्ही पेढे वाटत होतात तोवर पोरांनी कोरियन आवृत्ती उतरवून घेतली होती. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर हा तसलाच गेम बंदीत गेला, तर फ्री फायर मॅक्स तसाच राहिला. बीजीएमआयही त्याच वर्षी जुलैत दुकानातून गायब झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. म्हणून मी ते पत्र पाठवणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांना तुमच्या घरातला वायफाय बंद करण्यापेक्षा महत्त्वाची कामं आहेत.

मला खरी काळजी कशाची वाटते, ते तुमच्या कागदावर कुठेच नाही. मुलाच्या कानात हेडफोन असतो. पडद्यावर गोळ्या चालतात त्या तुम्हाला दिसतात, पण कानात कोण काय बोलतंय ते ऐकू येत नाही. तीन अनोळखी संघसोबती, कधी वीस-पंचवीस वर्षांचे घोडे, आणि नेम चुकला की आईबहिणीवरून अशा शिव्या की मी इथे उच्चारू शकत नाही. मुलगी खेळत असेल आणि आवाजावरून कळलं, तर विचारूच नका. त्या शिव्यांना हिरवा रंग देता येत नाही. आमच्या सातवीच्या वर्गात त्या आता स्वल्पविरामासारख्या वापरल्या जातात. आणि सगळं गेमच्या माथी मारायचं कारण नाही. त्यातले निम्मे शब्द मुलगा तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर शिकलाय, सिग्नलला रिक्षा आडवी आली तेव्हा. समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी आत्ता हसलं. मी नाव घेत नाही.

आणखी एक. 'जेवायला हाक मारली की अंगावर धावून येतो, राउटर बंद केला तर ताट भिरकावलं' असं एका आईने लिहिलंय. ताट भिरकावणं मी खपवून घेणार नाही, त्याचा कान मी धरीन. पण राउटर कधी बंद केलात? हा डाव मध्येच थांबवता येत नाही. कॅरम असतो तर सोंगटी जिथे आहे तिथे ठेवून उठता आलं असतं. इथे अर्धा तास झुंजून शेवटच्या वर्तुळात आलेला मुलगा, त्याच्या भरवशावर असलेले तिघे, आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही वायर उपटलीत. आठला जेवण असेल तर साडेसातच्या पुढे नवा डाव सुरू करायचा नाही, हे डाव सुरू होण्याआधी सांगायचं असतं. अर्ध्या तासाचा हिशोब आहे, पण तो हिशोब माहीत होण्यासाठी एकदा शेजारी बसावं लागतं.

तेव्हा या रविवारी बसा. एक पूर्ण डाव. मोबाइल हातात न घेता, तुमचा. हेडफोन काढून आवाज बाहेर येऊ द्या आणि त्या तिघांची नावं विचारा. फोनमधली जन्मतारीख जनरल रजिस्टरशी जुळवून घ्या. कॉम्प्युटरवर जीटीए असेल तर तो काढा, आणि का काढताय ते मुलाला सांगा. 'बाईंनी सांगितलं म्हणून' हे कारण नव्हे. दहावीतल्यांना बीजीएमआय आणि तिसरीतल्यांना जीटीए यांत फरक आहे, तो मला विचारू नका, खोक्यावर वाचा.

मुलं सुटली असं समजू नका. उद्या पहिला तास माझा आठवीवर आहे, निबंधाच्या वह्या घेऊन जाणार आहे. आता सहलीचं बोलू. ज्यांचे पैसे अजून आलेले नाहीत, ती नावं वाचते.